निकॉनवरच थांबायचं की सोनी-फुजीकडे जायचं? एका जुन्या डीएसएलआरवालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा एका कॅमेऱ्याचा रिव्ह्यू नाहीये, तीन कॅमेरे आणि एका अडॅप्टरचा आहे, आणि खरं तर "ब्रँड बदलू की नको" या डोकेदुखीचा आहे. माझ्याकडे निकॉन डी७५०, म्हणजे आत आरसा असलेला डीएसएलआर, २०१४ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, अजून ठणठणीत, फोटोला नावं ठेवायला जागा नाही. पण नाटकाचा प्रयोग चालू असताना त्याचा आरसा खटॅक करून वाजतो आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात, क्वाएट मोड लावला तरी खटॅकचं खटक होतं एवढंच. त्यात डी७८० आणि डी६ हे दोघे २०२० चे, त्यांच्यानंतर निकॉननं नवा डीएसएलआर काढलेलाच नाही. म्हणजे मिररलेस, आत आरसाच नसलेला कॅमेरा, घ्यायचा हे नक्की होतं, कोणाचा ते नक्की नव्हतं. मग निकॉन झेड ६ थ्री, सोनी ए ७ फोर आणि फुजी एक्स-टी ५ असे तिन्ही कुठून मागून, कुठून भाड्यानं आणून माझ्या रोजच्या कामाला जुंपून बघितले.

रोजचं काम म्हणजे नाटकं, पक्षी आणि माणसांचे पोर्ट्रेट. व्हिडिओ मी जवळजवळ काढतच नाही, त्यामुळे तुम्ही व्हिडिओवाले असाल तर यातलं अर्धं सोडून द्या.

तर पहिली गोष्ट, जी मला कोणी धड सांगितली नव्हती. डीएसएलआरवरून मिररलेसला जाताना तुम्ही ब्रँड तोच ठेवलात तरी माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, बदलतोच. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यात सेन्सर आणि माउंटमधलं अंतर ४६.५ मिमी, आणि २०१८ ला आलेल्या झेड माउंटमध्ये तेच १६ मिमी. कॅननचं पण तसंच, जुन्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी आणि मिररलेसच्या आरएफमध्ये २०. मधे आरसा होता म्हणून एवढी जागा लागायची, आरसा गेला तशी जागा गेली. त्यामुळे "आपल्याकडे निकॉनच्या लेन्स आहेत ना, मग निकॉनच घे" हा सल्ला ऐकायला बरोबर वाटतो पण त्याच्या मधोमध एक अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या माउंटवर बसवणारी जोडनळी, बसलेला असतो, आणि तुम्ही ब्रँडवर टिकताय का हे त्या अडॅप्टरवर ठरतं, कॅमेऱ्यावरच्या नावावर नाही.

आणि इथे एक गंमत आहे जी निकॉनवाल्यांना झोंबते. १९८७ ला कॅननने आपला जुना एफडी माउंट सरळ मोडीत काढला, लोकांच्या लेन्स एका फटक्यात बाजूला पडल्या, तेव्हा निकॉनवाले कॉलर ताठ करून फिरत होते की आमची जुनी लेन्स आजही बसते. पण कॅननने त्या ईएफमध्ये पहिल्या दिवसापासून फोकसची मोटर लेन्समध्येच टाकली, अ‍ॅपर्चरपण (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) इलेक्ट्रॉनिक केलं, म्हणजे बॉडी आणि लेन्समध्ये नुसता विजेच्या पिनांचा संबंध. निकॉनने जुना माउंट सांभाळायचा म्हणून मोटर बॉडीत ठेवली आणि एका छोट्या स्क्रूने ती लेन्समधला फोकस फिरवायची. लेन्समध्ये मोटर नंतर आली, एएफ-एस वगैरे. आता २०१८ नंतर हिशोब उलटा झाला ना. कॅननचा ईएफ-आरएफ अडॅप्टर म्हणजे आतून पोकळ नळी आणि पिना, १९८७ ची ईएफ लेन्स पण आजच्या आर सिरीजवर ऑटोफोकससकट चालते. एफ लेन्स झेडवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती स्क्रूवाली मोटरच नाही. म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स व्यवस्थित, आणि जुन्या स्क्रूवाल्या एएफ, एएफ-डी लेन्स मॅन्युअल फोकस. कंपनीच सांगते की साधारण ३६० प्रकारच्या एफ लेन्स बसतात, पण ऑटोफोकससकट चालणाऱ्या ९० च्या वर. या दोन आकड्यांच्या मधे तुमची लेन्स कुठे पडते हे बघा आधी, बाकी सगळं नंतर.

सोनीने तर एलए-ईए ५ नावाचा अडॅप्टर काढला २०२० ला ज्यात जुन्या मिनोल्टा-सोनी ए माउंटच्या स्क्रूवाल्या लेन्ससाठी मोटर आहे, ठराविक बॉडींवरच चालते पण आहे. मग निकॉनला काय झालं होतं?

माझ्याकडे चार लेन्स. २४-१२० एफ/४, ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू, पक्ष्यांसाठी २००-५०० एफ/५.६, आणि ८५ एफ/१.८ डी. पहिल्या तीन मोटरवाल्या, चौथी स्क्रूवाली. आणि नेमकी चौथीच माझी सगळ्यात लाडकी, छोटीशी, वजनाला काही नाही, नाटकाच्या अंधारात एफ/२ ला लावून बसायचं.

एफटीझेड टू लावून ७०-२०० झेड ६ थ्रीवर चढवली तेव्हा खरं सांगायचं तर मी थोडी तयारीत होते की अडखळेल, पण नाही. उलट डी७५० पेक्षा जास्त फोटो फोकसमध्ये आले. कारण डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा असतो, खाली आरशाच्या मागे, तो आणि खरा सेन्सर यांच्यात केसाएवढा फरक पडला की डोळ्याऐवजी कान शार्प येतो, मग फाइन ट्यून करत बसा प्रत्येक लेन्सला. मिररलेसमध्ये फोकस फोटोच्याच सेन्सरवर होतो, त्यामुळे ती भानगडच संपली. आणि डी७५० चे ५१ पॉइंट सगळे मधे गोळा झालेले, नट स्टेजच्या कडेला गेला की आधी मधे धरून फोकस करा मग फ्रेम हलवा, तेवढ्यात तो वळलेला असतो. झेडवर पार कोपऱ्यातला चेहरा पण धरतो, जुन्या लेन्सने पण.

२००-५०० चं मात्र वेगळं. बसलेला पक्षी, झकास. उडणारा, लेन्सची मोटर मुळातच निवांत आहे, ती डी७५० वर पण निवांतच होती, बॉडी नवी केली म्हणून लेन्स धावायला लागत नाही. बॉडीला पक्षी दिसतो, डोळ्यावर चौकोनपण येतो, आणि लेन्स मागून येतेय हळूहळू.

आता ८५ डी. अडॅप्टरवर बसते, अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलतं, फोटोत लेन्सची माहिती येते, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारं) पण मिळतं जे त्या लेन्सला जन्मात कधी मिळालं नव्हतं. फोकस हाताने. व्ह्यूफाइंडरमध्ये पीकिंग लावलं तर फोकसमध्ये आलेल्या कडांवर लाल रेघा येतात, पण एफ/२ ला त्या रेघांवर विसंबू नका, नाकावर पण लाल आणि डोळ्यावर पण लाल, मग झूम करून बघावं लागतं आणि झूम केलं की फ्रेम दिसत नाही. त्यापेक्षा फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवून रिंग फिरवायची, फोकस लागला की चौकोन हिरवा होतो, ते जास्त भरवशाचं. पोर्ट्रेटला समोरचा शांत बसलेला असला की मजा येते उलट, हात आपोआप सावकाश चालतो. नाटकात नाही जमत. संवाद म्हणता म्हणता नट दोन पावलं पुढे येतो आणि तुम्ही रिंगच फिरवताय.

वजनाचा तर विषयच काढू नका. मिररलेस हलका असतो म्हणतात ना? डी७५० बॅटरी कार्डासकट ८४० ग्रॅम. झेड ६ थ्री ७६० ग्रॅम, त्यात एफटीझेड टू चे १२५ मिळवा, झाले ८८५. म्हणजे नवा कॅमेरा घेऊन जुन्या लेन्स लावल्या तर खांद्यावर वजन वाढलं, वर पुढे तीन सेंटिमीटरची नळी. हलकं तेव्हा होणार जेव्हा झेडच्याच लेन्स घेणार, आणि झेडच्याच लेन्स घ्यायच्या असतील तर मग सोनीच्या का नको, हा प्रश्न येतोच की. म्हणून सोनी.

सोनी ए ७ फोर ६५८ ग्रॅम, ३३ मेगापिक्सेल, आणि लेन्सच्या बाबतीत सोनीला तोड नाही हे मान्य करावं लागेल. ई माउंट २०१० पासूनचा, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर) २०१३ पासून, आणि २०११ मध्येच त्यांनी माउंटची माहिती दुसऱ्या लेन्स कंपन्यांना द्यायला सुरुवात केली, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन सगळे तिथे आधी येतात. एकाच फोकल लेंथला महाग, मधली आणि स्वस्त असे तीन-चार पर्याय, सेकंडहँडला पण भरपूर माल. निकॉन झेडवर टॅमरॉनच्या बऱ्याच आल्या, सिग्माच्या मोजक्याच. कॅननने आरएफ फुल फ्रेमला बाहेरच्यांना ऑटोफोकसची दारं जवळजवळ लावूनच घेतली होती, २०२४ ला सिग्मा-टॅमरॉनने आरएफसाठी लेन्स जाहीर केल्या त्या एपीएस-सीच्या, म्हणजे छोट्या सेन्सरच्या. बजेट बघून लेन्स घेणाऱ्यासाठी हा एक मुद्दा बाकी दहा मुद्द्यांना भारी आहे.

फोकस पण सोनीचा मस्त, २००-६०० लावून उडणारे पक्षी धरले तेव्हा माझ्या २००-५०० ची आठवण पण आली नाही. पण पाकिटावर सेकंदाला १० फ्रेम लिहिलंय ते कॉम्प्रेस्ड रॉला (रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल), लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड लावलं की साधारण ६ वर येतं, हे बारीक अक्षरातलं वाचून ठेवा. व्ह्यूफाइंडर ३६.८ लाख डॉटचा, झेड ६ थ्रीचा ५७.६ लाखांचा आणि भरपूर उजेडाचा, हा फरक डोळ्याला लगेच कळतो, दिवसभर त्यातूनच बघायचंय शेवटी.

आणि नाटकासाठी जे मला हवं होतं, म्हणजे अजिबात आवाज नाही, तिथे सगळा खेळ सेन्सर किती पटकन वाचला जातो त्याचा आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतात, स्टेजवरचे एलईडी लाइट तेवढ्यात अनेक वेळा मिणमिणतात, आपल्याला दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात, झेब्र्यासारखे. ए ७ फोरचा सेन्सर वाचायला सावकाश आहे, त्याचा तो स्वभावच आहे, साधं मेकॅनिकल शटर लावलं की प्रश्न मिटतो पण मग आवाज आलाच. झेड ६ थ्रीचा सेन्सर पार्शियली स्टॅक्ड म्हणतात तो आहे, बराच लवकर वाचतो, पट्टे पूर्ण जात नाहीत पण शटर स्पीड थोडा थोडा हलवून बघितला की बऱ्याच लाइटखाली निभावतं, त्यासाठी बारीक पावलांनी स्पीड बदलायची सोय पण दिलीये. त्याची किंमत म्हणजे कमी आयएसओला (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) फोटोतल्या सावल्या फार उचलल्या तर आधीच्या झेड ६ टूपेक्षा थोडी जास्त नॉइज, म्हणजे दाणे, दिसते. मला नाटकात कमी आयएसओ मिळतोच कुठे, त्यामुळे माझं काही बिघडत नाही. लँडस्केपवाल्यांनी विचार करावा.

फुजीवर एक परिच्छेद बास. एक्स-टी ५, ४० मेगापिक्सेल, ५५७ ग्रॅम, वरती आयएसओ आणि शटरच्या खऱ्याखुऱ्या चकत्या, कॅमेरा बंद असताना पण सेटिंग दिसतं. हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही, आणि क्लासिक क्रोम ही फुजीची रंगछटा लावून काढलेले जेपेग असे येतात की रॉ उघडायचा कंटाळा येतो. पोर्ट्रेट आणि भटकंती एवढंच काढत असते तर विषय संपला होता. पण उडत्या पक्ष्याला ट्रॅक करण्यात बाकी दोघांच्या मागे आहे आणि सेन्सर एपीएस-सी, नाटकाच्या अंधारात साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फरक पडतो. कोणी दुसरा कॅमेरा म्हणून घेत असेल तर डोळे झाकून घ्या.

आता हाताचं सांगते, कारण यावर कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास याचाच. निकॉनची लेन्स बसवताना जिकडे फिरते त्याच्या उलट कॅनन, सोनी, फुजी सगळ्यांची फिरते. अंधारात विंगेत उभं राहून लेन्स बदलताना हात जुन्या दिशेने जोर लावतो आणि लेन्स बसतच नाही, आणि तेवढ्यात प्रवेश संपतो. निकॉनचा ऑन-ऑफ शटरच्या बटणाभोवतीच, सोनीचा पण सुदैवाने तिथेच. कॅननवरून येणाऱ्यांचा तर झूम आणि फोकस रिंगच्या दिशेचाच गोंधळ निकॉनवर. नवी गाडी घेतल्यावर इंडिकेटर द्यायला जावं आणि वायपर चालू व्हावा तसं होत राहतं. हे सुटतं, सवय होते, पण ज्या महिन्यात महत्त्वाचं काम आहे त्या महिन्यात ब्रँड बदलू नका एवढंच. सोनीचा मेनू पूर्वी भूलभुलय्या होता, ए ७ फोरचा नवा मेनू ठीक आहे, सवयीचा भाग.

रंगांवरून जी भांडणं होतात, सोनीची स्किन हिरवट आणि कॅननची गुलाबी वगैरे, ती जेपेग काढणाऱ्यांनी करावीत. रॉ काढून प्रोफाइल नीट लावलं तर तिघांचे फोटो मिसळून कोणी मला ओळखून दाखवावेत. फक्त एक, तुमचे बनवलेले प्रीसेट (ठरवून ठेवलेली एडिटिंगची सेटिंग) नव्या ब्रँडच्या फाइलवर जसेच्या तसे बसत नाहीत, ते परत करावे लागतात, तो वेळ हिशोबात धरा.

हिशोबावरून आठवलं. लोक नव्या बॉडीची किंमत बघतात आणि थांबतात. फ्लॅश राहिला, त्याची टीटीएल (उजेड आपोआप ठरवायची) भाषा प्रत्येक ब्रँडची वेगळी, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर नुसता मॅन्युअल पेटतो. फ्लॅशचा ट्रिगर राहिला. बॅटऱ्या राहिल्या, झेड ६ थ्रीत डी७५० सारख्याच ईएन-ईएल १५ मालिकेतल्या बॅटऱ्या लागतात, जुन्या आवृत्त्यांवर शॉट कमी मिळतात आणि कॅमेऱ्यात यूएसबीने चार्ज करायच्या तर नव्या बी किंवा सी लागतात, पण काम भागतं. सोनीला गेले की सगळ्या नव्या. कार्डांपासून मात्र निकॉनवर राहूनही सुटका नाही, झेड ६ थ्रीत एक स्लॉट सीएफएक्सप्रेस टाइप बी आणि दुसरा एसडी, आणि ती सीएफएक्सप्रेस कार्डं महाग. सोनीची टाइप ए वेगळी, एकमेकांत बसत नाहीत, ही पण एक कटकटच. आणि जुन्या लेन्स विकायला गेलात तर डीएसएलआरच्या लेन्सचे भाव आता उतरलेलेच आहेत. एका सेकंडहँडवाल्याने माझ्या ७०-२०० चा जो आकडा सांगितला तो ऐकून मी लेन्स परत बॅगेत ठेवली आणि चेनपण लावली.

ब्रँडशी निष्ठा वगैरे म्हणणाऱ्यांसाठी बंद पडलेल्या माउंटची एकच यादी. सॅमसंगचा एनएक्स, अख्खी कंपनीच कॅमेऱ्यातून बाहेर पडली. निकॉन १, २०११ ला आला २०१८ ला बंद. कॅननचा ईओएस एम, २०१२ चा, २०२३ ला आटोपला, आणि त्याच्या लेन्स कॅननच्याच आरएफवर बसवता येत नाहीत कारण ईएफ-एमचं अंतर १८ मिमी आणि आरएफचं २०, मधे अडॅप्टर घालायला जागाच उरत नाही. ही माणसं ब्रँडशी प्रामाणिकच होती की. उलट ऑलिम्पसचं बघा, २०२१ ला कॅमेरा विभागच विकला, नाव बदलून ओएम सिस्टिम झालं, पण माउंट जिवंत राहिला आणि लोकांच्या लेन्स आजही चालू.

त्याच मिलिमीटरच्या हिशोबात निकॉनची एक छुपी जमेची बाजू निघते. झेडचं १६ मिमी आणि सोनी ईचं १८, म्हणजे दोन मिलिमीटरची फट मिळते, आणि तेवढ्या जागेत बसणारे पातळ अडॅप्टर दुसऱ्या कंपन्यांनी काढलेत, सोनीची लेन्स निकॉनवर ऑटोफोकससकट. मी एक लावून बघितला, पोर्ट्रेटला छान चालला, पक्ष्यांना लावायचं धाडस करू नये. उलट्या दिशेने, झेडची लेन्स सोनीवर, असं होऊ शकत नाही.

तर माझा निकाल माझ्यापुरता असा. तुमच्याकडे एक किट लेन्स आणि एखादी ५० असेल तर सोडण्यासारखं काही नाहीच, मोकळ्या मनाने सोनी, निकॉन, कॅनन काहीही बघा, लेन्सची यादी आधी बघा आणि बॉडी शेवटी. कॅननच्या ईएफ लेन्स चांगल्या तीन-चार असतील तर दुसरीकडे जायचं मला एकही कारण दिसत नाही, सिग्मा-टॅमरॉन नवीन घ्यायच्या नसतील तर. निकॉनच्या सगळ्या डी लेन्स असतील तर मात्र निकॉनवर राहून पण तुम्हाला नवीनच सुरुवात करायचीये, मग सोनीला बरोबरीने उभं करा. आणि फक्त पक्षीच काढत असते तर मी आज सोनीची २००-६०० घेऊन बसले असते.

पण चारातल्या तीन लेन्स मोटरवाल्या निघाल्या आणि नाटकाला तो सेन्सर सोयीचा पडला, म्हणून झेड ६ थ्री आणि एफटीझेड टू घेतला. ७०-२०० वरून अडॅप्टर आता निघतच नाही, तो लेन्सचाच भाग असल्यासारखा तिथेच राहतो. २००-५०० विकायला काढली आहे, कोणी डीएसएलआरवाला पक्षीवेडा भेटला तर देईन आणि हळूहळू झेडची १८०-६०० बघेन. डी७५० घरातच आहे, कारण ८५ डी फक्त त्याच्यावरच आपोआप फोकस करते.